शीप्स हेड: परवानगीवर उभ्या असलेल्या वाटा

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला जमिनीचे पाच लांबट सुळके अटलांटिकमध्ये घुसलेले आहेत. उत्तरेकडून डिंगल, आयव्हेरा, बेआरा, मग शीप्स हेड आणि शेवटी मिझन हेड. आयव्हेरावर 'रिंग ऑफ केरी' या प्रसिद्ध मोटारफेरीसाठी बसगाड्यांची रांग लागते, डिंगलला सिनेमावाले येऊन गेलेत, मिझन हेड देशाच्या नैर्ऋत्य टोकाचं म्हणून बघायलाच हवं असं मानतात. शीप्स हेड या पाचांत सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अरुंद. लांबी पंचवीसेक किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी चारेक. उत्तरेला बँट्रीचा उपसागर, दक्षिणेला डनमॅनसचा. मधोमध तांबड्या वालुकाश्माचा कणा. त्यावरचं सर्वांत उंच शिखर सीफिन, ३४५ मीटर. हिमयुग सरलं, समुद्र चढला, दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि डोंगरांच्या रांगा तेवढ्या वर राहिल्या, अशी ही सगळी किनारपट्टी घडली आहे.

इथे ना मोठा किल्ला, ना राजवाडा, ना रेल्वे. शेतं लहान, जमीन पाणथळ, मेंढ्या आणि गुरं. तरीही आज या चिंचोळ्या पट्टीवर शीप्स हेड वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग आहे आणि त्याला जोडून वीसच्या आसपास खुणा केलेल्या वर्तुळवाटा आहेत. जिथून निघालात तिथेच परत आणून सोडणाऱ्या. स्थानिक लोक त्यांना सरळ 'लूप' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

निसर्ग सुंदर आहे म्हणून लोक चालायला येतात, एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. निसर्ग बेआरावरही सुंदर आहे. हे सगळं खाजगी जमिनीवर, कुणाचीही जमीन न घेता आणि कुणालाही हक्क न देता उभं राहिलं आहे. ते कसं उभं राहिलं आणि कशावर टिकून आहे, हे बघण्यासारखं आहे.

वाट कोणाची?

पहिली अडचण कायद्याची होती, आणि ती अजून तशीच आहे. आयर्लंडमध्ये मोकळ्या रानात फिरण्याचा सार्वत्रिक हक्क नाही. शेजारच्या इंग्लंड-वेल्सने २००० साली डोंगर आणि माळरानांपुरता असा हक्क दिला, स्कॉटलंडने २००३ साली त्याहून बराच उदार कायदा केला. आयर्लंडने यातलं काही केलं नाही. तिथला छोटा शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला जमीनदारांशी झगडून आपल्या तुकड्याचा मालक झाला. त्या तुकड्यावर दुसऱ्याचा पाय पडणं हा त्याला साधा प्रश्न वाटत नाही. ते समजायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत. बांधावरून पिढ्यान् पिढ्या अबोला धरलेली घरं आपल्याकडे गावोगावी आहेत.

दुसरी भीती वहिवाटीची. आज माणुसकीने जाऊ दिलं आणि उद्या कोर्टाने 'इथे सार्वजनिक रस्ता आहे' असं ठरवलं तर? ही भीती नुसती मनातली नव्हती. स्लायगो परगण्यातल्या लिसाडेल इस्टेटीतून जाणाऱ्या वाटांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या कोर्टाने लोकांचा हक्क मान्य केला होता. २०१३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश वाटांबाबत तो निर्णय फिरवला. एवढी वर्षं लोक चालले ते मालकाने चालू दिलं म्हणून, त्यातून हक्क तयार होत नाही, अशा अर्थाने. मालक जिंकले, पण खटल्याची वर्षं आणि खर्च देशभरच्या शेतकऱ्यांनी बघितला.

तिसरी भीती जास्त व्यवहाराची होती. कोणी माझ्या शेतात पाय घसरून पडला आणि त्याने भरपाई मागितली तर? इथे १९९५ चा एक कायदा उपयोगी पडला. ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट. त्याने जमिनीवर येणाऱ्या माणसांचे प्रकार पाडले आणि त्यात 'विरंगुळ्यासाठी, पैसे न देता आलेला' असा वेगळा वर्ग केला. अशा माणसाबाबत मालकाची जबाबदारी अगदी थोडी: त्याला जाणूनबुजून इजा करायची नाही आणि त्याच्या जिवाची बेफिकिरी करायची नाही. खडक निसरडा आहे, कडा उंच आहे, याला मालक जबाबदार नाही. तिकीट लावलं तर मात्र हे संरक्षण जातं. म्हणून या वाटांवर कुठेही तिकीट खिडकी दिसत नाही.

याच कायद्यात एक छोटं पोटकलम आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते. चालणाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम काही बांधकाम केलं असेल, तर ते सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी मालकाने घ्यायला हवी. शेतकऱ्याने स्वतःच्या कामासाठी बसवलेलं फाटक यात येत नाही. पण वाटसरूंना कुंपण ओलांडता यावं म्हणून ठोकलेल्या लाकडी पायऱ्या येतात. म्हणजे डोंगर धोकादायक असला तरी चालेल, पायरी कुजलेली असता कामा नये.

१९९६: स्वयंपाकघरातल्या टेबलावर आखलेला मार्ग

शीप्स हेड वे १९९६ च्या उन्हाळ्यात खुला झाला. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन आल्या होत्या. कल्पना सरकारी नव्हती. अमेरिकेतून येऊन इथे स्थायिक झालेला एक गृहस्थ आणि इथलाच एक शेतकरी, या जोडीने ती उचलून धरली. बाहेरून आलेल्या माणसाला गावकऱ्यांना रोजचं म्हणून न दिसणारं दिसतं, आणि गावच्या माणसाला कोणाच्या दारात कोणत्या वेळी जायचं ते कळतं. माझ्या मते या प्रकरणातली ही पहिली खरी हुशारी आहे. एकटा अमेरिकन गेला असता तर चहा मिळाला असता, परवानगी मिळाली नसती.

रेघ नकाशावर आखणं सोपं, पण ती प्रत्येक शेताच्या मालकाशी बोलून आखावी लागली. जिथे नकार आला तिथे वाट वळवली. आज चालताना मध्येच विनाकारण वळसा आल्यासारखा वाटतो, त्यामागे बऱ्याचदा भूगोल नसतो, एखाद्या घराचं 'नाही' असतं. त्या नकाराचाही मान राखला गेला, हे महत्त्वाचं. सक्ती कुठे केली नाही, म्हणून शेजारच्या शेतातलं 'हो' पुढे टिकलं.

जुन्या वाटाही कामी आल्या. मासेमार खाली बोटींकडे जायचे त्या वाटा, चर्चला जायच्या, पीट (जळणासाठी दलदलीतून काढायची माती) खणून घरी आणायच्या. वापर संपून त्यावर गॉर्सची काटेरी झुडपं माजली होती. मूळ मार्ग ८८ किलोमीटरांच्या आसपास: बँट्री गावातून निघायचं, उत्तरेच्या बाजूने उपसागर उजव्या हाताला ठेवत टोकाच्या दीपगृहापर्यंत जायचं, दक्षिणेच्या बाजूने किलक्रोहन, अहाकिस्ता, डरस या गावांतून परत बँट्रीला यायचं. म्हणजे मुळात हाच एक प्रचंड लूप होता.

उत्तरेची बाजू निर्मनुष्य आणि वाऱ्याची. तिथे गोर्टाव्हॅलिगची तांब्याची खाण आहे. १८४० च्या दशकात कॉर्नवॉलहून खाणकामगार आणून ती चालवायचा प्रयत्न झाला आणि थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला. कामगारांच्या घरांच्या पडक्या भिंती कड्यावर अजून उभ्या आहेत. त्याच दशकात बटाट्याचा रोग आला आणि कॉर्क परगण्याचा हा सगळा पश्चिम भाग उपासमारीने आणि स्थलांतराने रिकामा झाला. दक्षिणेची बाजू थोडी सखल, हिरवी, वस्तीची. किलक्रोहनजवळ ओ'डॅली घराण्याची भाट-कवींची शाळा होती. आश्रयदात्या सरदारांची वंशावळ आणि स्तुती रचायला शिकवणारी ही शाळा. आपल्याकडच्या बखरकार-शाहिरांच्या घराण्यांना शोभेल असा तिचा लौकिक. एका लूपला त्यावरूनच 'पोएट्स वे' नाव आहे.

मार्ग झाला, पण चालणार कोण?

८८ किलोमीटर म्हणजे चार-पाच दिवसांची चाल. पाठीवर सामान घेऊन एवढं चालणारे जर्मन आणि डच लोक आले, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि काटकसरी. बहुतेक पर्यटक भाड्याच्या मोटारीने यायचे, टोकापर्यंत जायचे, फोटो काढून परत फिरायचे. त्यांना दोन तास चालायचं असे. पण एकेरी वाटेवर दोन तास चाललं की मोटार दोन तास मागे राहते. तेवढंच अंतर त्याच वाटेने परत यायचं, नाहीतर टॅक्सी शोधायची. द्वीपकल्पावर टॅक्सी शोधणं म्हणजे दुसरी पदयात्राच.

लूपने नेमकी ही अडचण सोडवली, आणि इथे भूगोलाने मोठी मदत केली. जाणारी वाट उत्तरेकडून, येणारी दक्षिणेकडून, मध्ये जेमतेम तीन-चार किलोमीटर. कण्यावरून आडव्या जोडवाटा टाकल्या की झालं. शिडीच्या दोन उभ्या काठ्या आधीच होत्या, फक्त पायंड्या ठोकायच्या होत्या. प्रत्येक दोन पायंड्यांच्या मध्ये एक लूप. शिवाय दोन लूप जोडून दिवसभराची चालही करता येते. नव्याने परवानगी घ्यायची ती फक्त जोडवाटांपुरती, उरलेला अर्धा लूप मूळ मार्गावरूनच जातो. बेआरासारख्या रुंद, डोंगराळ द्वीपकल्पावर असा हिशेब जमत नाही. तिथे पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन यायचं म्हणजे सगळा दिवस गेला.

आयर्लंडच्या पर्यटन मंडळाने, फाल्ट्या आयर्लंडने, देशभर लूपचं धोरण हाती घेतलं. त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना डब्लिनजवळच्या होथ द्वीपकल्पावर बघायला मिळतो. उपनगरी रेल्वेच्या स्टेशनवरून चार लूप निघतात: हिरवा ६ किलोमीटरांचा, निळा ७, लाल ८ आणि जांभळा १२. चौघांची सुरुवात एकत्र, मग एकेक रंग घराकडे वळतो. थकलात तर हिरव्यावरून परत या. शहराच्या टोकाला, रेल्वेच्या दाराशी हे झकास चालतं. रविवारी तिथे दादरच्या फुलबाजाराइतकी गर्दी होते हा भाग वेगळा.

शीप्स हेडवर तसं करण्यात अर्थ नव्हता. एकाच ठिकाणाहून सगळे लूप काढले असते तर सगळी मंडळी एकाच गावात उतरली असती. इथे मुद्दाम लूप द्वीपकल्पभर पसरलेले आहेत. एक किलक्रोहनच्या बाजूला, एक काहेरगलला, काही डरस आणि बँट्रीच्या बाजूला. चहा, मुक्काम, सूप आणि ब्रेड यांवर होणारा खर्च थोडा थोडा सगळीकडे पडावा हा हेतू. चालणाऱ्याला हे कळतही नाही. नकाशा बघितला की कळतं.

खांब आणि बाण

आयर्लंड प्रजासत्ताकातला खुणा केलेला पहिला लांब पल्ल्याचा मार्ग म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेचा विकलो वे, १९८० च्या सुमाराचा. लांब पल्ल्याच्या मार्गांची खूण तेव्हापासून देशभर एकच आहे: पाठीवर पिशवी आणि हातात काठी घेतलेला पिवळा चालणारा माणूस, सोबत पिवळा बाण. लूपवर माणूस नसतो, रंगीत बाण असतो. त्यामुळे शीप्स हेडवर जागोजाग एकाच खांबावर पिवळा बाण आणि त्याखाली लूपचा वेगळ्या रंगाचा बाण दिसतो. दोघे बराच वेळ एका दिशेने जातात, मग एखाद्या फाट्यावर फारकत घेतात. नवख्याची चूक होते ती इथेच. गप्पांच्या नादात पिवळ्याच्या मागे गेलात की दीपगृहापर्यंत पोचाल, मोटारीपर्यंत नाही.

बरेच लूप एकाच दिशेने चालण्यासाठी खुणा केलेले असतात. उलट दिशेने निघालात तर खांबांची कोरी पाठ दिसत राहते. सुरुवातीच्या ठिकाणी फलक असतो. त्यावर नकाशा, अंतर, लागणारा वेळ, चढ आणि अवघडपणाची प्रत. वेळेचा अंदाज कोरड्या जमिनीचा धरलेला असतो असं माझं मत आहे. पीटच्या ओल्या मातीत घोटाभर पाय रुतत असताना तो अंदाज खुशाल दीडपट करावा. आणि धुकं उतरलं की एका खांबावरून पुढचा दिसत नाही. टोकाकडच्या बॅलीरूनच्या माळावर हे फार जाणवतं. नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी तिथे टेहळणीचा मनोरा बांधला होता, त्याचे आता दगड उरलेत. १७९६ साली फ्रेंच आरमार खरंच बँट्रीच्या उपसागरात येऊन थडकलं होतं, पण वादळाने त्याला उतरू दिलं नाही. इथल्या हवेने एका स्वारीचा निकाल लावलाय, तिच्यापुढे आपल्या रेनकोटाची काय कथा.

सगळ्यांत जास्त पाय पडतात ते दीपगृहाच्या लूपवर. टूरीनला रस्ता संपतो, तिथे मोटारी लावायला जागा आहे, छोटं उपाहारगृह आहे. तिथून चारेक किलोमीटरांचा फेरा, लोख अकीन नावाच्या तळ्याकाठून. दीपगृह म्हटल्यावर उंच पांढरा मनोरा डोळ्यांपुढे आणू नका. कड्याच्या पोटाशी सातेक मीटरांचं बुटकं बांधकाम आहे, कडाच इतका उंच की वर मनोरा कशाला हवा. ते १९६८ चं. रस्ता नव्हता म्हणून सामान हेलिकॉप्टरने आणलं. बँट्रीच्या उपसागरातल्या व्हिडी बेटावर गल्फ कंपनीने तेलाचा तळ उभारला, तिथे येणाऱ्या अजस्र टँकरांना उपसागराचं तोंड दाखवायला हा दिवा लागला. त्याच तळावर ८ जानेवारी १९७९ ला बेटेलगूझ या फ्रेंच टँकरचा स्फोट होऊन ५० जण गेले.

पैसा कशाचा द्यायचा?

१९९६ ते २००८ हा काळ मोठ्या प्रमाणावर भलाईवर चालला. कोणी झुडपं तोडायचं, कोणी पडलेला खांब उभा करायचं. २००१ च्या वसंतात लाळ्या-खुरकताची साथ ब्रिटनमध्ये पसरली, आयर्लंडमध्येही लाउथ परगण्यात मार्च महिन्यात तिचं एक प्रकरण निघालं, आणि देशभरातल्या शेतांमधल्या पायवाटा बंद झाल्या. सेंट पॅट्रिकच्या दिवसाची डब्लिनची मिरवणूकही पुढे ढकलावी लागली. ते योग्यच होतं, कारण बुटाच्या तळव्याला लागलेल्या चिखलातून रोग पुढच्या शेतात जाऊ शकतो. पण वाटा बंद करायला फारसं काही करावं लागत नाही, हेही तेव्हा दिसलं. शेतकऱ्याने फाटकाला साखळी लावली की प्रश्न मिटला.

शेतकरी संघटनांचं म्हणणं होतं, आमच्या जमिनीवर पर्यटन चालतं तर आम्हाला वाटेचे पैसे द्या. सरकारचं म्हणणं, जाऊ देण्याचे पैसे देणार नाही; एकदा तो पायंडा पडला की देशातला प्रत्येक बांध मोजावा लागेल. २००८ साली जी वॉक्स स्कीम आली ती या दोघांच्या मधली. तिच्यात वाटेचे पैसे नाहीत, वाटेवरच्या कामाचे आहेत. शेतकऱ्याबरोबर काही वर्षांचा करार होतो, त्याच्या हद्दीतल्या वाटेसाठी कामांची यादी ठरते: गवत आणि काटेरी झुडपं कापणं, पाण्याचे चर मोकळे करणं, कुंपणावरच्या पायऱ्या आणि छोटे पूल तपासणं, खांब सरळ ठेवणं. त्या तासांचा मोबदला मिळतो. देखरेखीला ग्रामीण विरंगुळा अधिकारी असतो. तो पाहणी करतो, भांडणंही तोच मिटवतो. करारातून सार्वजनिक रस्त्याचा हक्क तयार होत नाही, हे स्पष्ट असतं. विम्याचं छत्र वेगळं.

नुसतं वाचलं तर ही सरकारी शब्दांची कसरत वाटते. मला ती फार चतुर वाटते. मगाशी सांगितलेलं पोटकलम आठवा. कायद्याने मालकाच्या गळ्यात घातलेली जबाबदारी पायऱ्यांची आणि पुलांची, आणि योजना पैसे देते नेमके त्याच पायऱ्या-पूल धड ठेवण्याचे. शिवाय काम करणारा माणूस तिथलाच. परगण्याच्या ठिकाणाहून ठेकेदार आणला असता तर त्याने वर्षातून एकदा यंत्र फिरवलं असतं. शेतकरी मेंढ्या बघायला रोज त्याच बाजूला जातो. पायरी हलायला लागली की त्याला त्याच आठवड्यात कळतं. रक्कम फार नाही, त्यावर कोणाचं घर चालत नाही. पण 'माझ्या शेतातून लोक जातात' याऐवजी 'माझी वाट आहे' असं माणूस बोलायला लागतो. २०१९ मध्ये सरकारने योजनेचा आवाका ३९ मार्गांवरून ८० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं.

या व्यवस्थेची परीक्षा दुसऱ्या टोकाला, विकलोत झाली. विकलो वेवर डोंगरातल्या दलदलीवरून जाणारी जुन्या रेल्वे स्लीपरांची पायवाट आहे. २०१३ साली चालताना एक महिला तिच्यावर पडली. २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने तिला ४० हजार युरो भरपाई दिली आणि देशभर खळबळ उडाली. ती पायवाट राष्ट्रीय उद्यान सेवेची. सरकारला असा दणका बसतो तर आपलं काय, हा प्रश्न शीप्स हेडवरच्या शेतकऱ्यालाही पडला असणार. २०१७ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: डोंगरात चालणाऱ्यानेही पायाखाली बघायला हवं. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने चालणाऱ्याने स्वतःहून पत्करलेल्या धोक्याची बाजू कायद्यात आणखी पक्की झाली. २०१६ आणि २०१७ च्या निकालांमधल्या दहा महिन्यांत त्या पहिल्या निकालामुळे किती फाटकांना साखळ्या लागल्या असत्या, याचा विचार केला की हे सगळं किती नाजूक आहे ते कळतं.

कुत्र्यांचा नियमही याच हिशेबातला. शीप्स हेडच्या बहुतेक वाटांवर कुत्रा नेता येत नाही, मग तो पट्ट्याला बांधलेला असला तरी. शहरातून आलेल्यांना हे जाचक वाटतं. गाभण मेंढ्यांच्या कळपात एकदा कुत्रा घुसला की शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जातं, आणि त्याबरोबर पुढच्या सगळ्यांची परवानगीही.

अहाकिस्ता

दक्षिणेच्या वाटेवर, डनमॅनसच्या पाण्याला लागून अहाकिस्ता नावाचं छोटं गाव आहे. तिथे एक छोटी बाग आहे आणि बागेत दगडी सूर्यघड्याळ. २३ जून १९८५ च्या सकाळी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान या किनाऱ्यापुढे समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटलं. ३२९ माणसं होती, एकही वाचलं नाही. बहुतेक भारतीय वंशाचे कॅनेडियन, सुट्टीत आजोळी निघालेली मुलं त्यात पुष्कळ. आयरिश नौदल, मासेमार, कॉर्कच्या इस्पितळातले कर्मचारी या सगळ्यांनी मिळेल ते समुद्रातून वर काढलं. नातेवाईक कॉर्कला आले, तिथून या किनाऱ्यावर. पुढच्या वर्षी, पहिल्या स्मृतिदिनी, स्मारक झालं.

तेव्हापासून दर वर्षी २३ जूनला सकाळी, स्फोटाच्या वेळेला, लोक इथे जमतात. कुटुंबं कॅनडातून, भारतातून येतात, आणि गावातले लोकही येतात. ज्यांची काहीच ओळख नव्हती अशांसाठी, चार दशकं. स्मारक सरकारी असलं तरी त्याची निगा आणि ती सकाळ गावाने आपली मानली आहे. शेतातून परक्याला जाऊ देण्याची तयारी आणि ही निगा एकाच वृत्तीतून येते असं म्हणायचा मोह होतो, पण ते सिद्ध करता येणार नाही आणि तो दावा मी करत नाही. एवढंच सांगतो: मराठी वाचक शीप्स हेडला गेला तर टोकाच्या दीपगृहावर जितका वेळ घालवेल त्यातला थोडा इथे द्यावा. वाट बागेच्या जवळूनच जाते.

काय साधलं, काय नाही

२००९ साली युरोपीय आयोगाच्या 'ईडन' योजनेत, संरक्षित क्षेत्रांतलं पर्यटन या विषयावर, आयर्लंडची निवड शीप्स हेड ठरली. इथली हेदर या खुरट्या झुडपाची माळरानं युरोपीय संवर्धन क्षेत्रात आहेत, कड्यांवर लाल चोचीचे, लाल पायांचे कावळे, चफ, घरटी करतात. आणि ठिपक्यांची केरी स्लग नावाची एक गोगलगायही इथे राहते, जिच्यासाठी जमीन राखून ठेवली आहे असं ऐकून बँट्रीच्या गुत्त्यात पूर्वी नक्की हसले असतील. पुढे मार्ग पूर्वेला ड्रिमोलीग गावापर्यंत वाढला. ड्रिमोलीगकरांनी आपल्या वाटा आधी स्वतः उभ्या केल्या आणि मग जोडल्या, हे मला पुरस्कारापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

बसची सोय मात्र कायम तोकडी. लूप तुम्हाला मोटारीपर्यंत परत आणतो, पण मोटार नसलेल्याला लूपपर्यंत कोण आणणार, हा प्रश्न सुटलेला नाही. कॉर्कहून बँट्रीपर्यंत बस मिळते, पुढे टूरीनपर्यंत जायचं तर गाडी हवी. म्हणजे इतक्या कष्टाने उभारलेल्या पायी वाटा शेवटी मोटारवाल्यांच्याच कामी येतात. काही लूपमधला डांबरी गल्लीचा भाग कंटाळवाणा आहे. परवानगी न मिळालेल्या शेताला वळसा घालताना बहुतेक वेळा डांबरच वाट्याला येतं. २०१४ पासून वाइल्ड अटलांटिक वे हा २,५०० किलोमीटरांचा मोटारमार्ग पाचही सुळक्यांवरून जातो, त्याने टूरीनच्या टोकाला गर्दी वाढली. आतल्या लूपवर तेवढी नाही.

आणि एक प्रश्न आता आकार घेतोय. १९९६ साली ज्यांनी मान डोलावली ते शेतकरी म्हातारे झाले, काही गेले. परवानगी माणसाने दिलेली असते, सातबाऱ्यावर चढलेली नसते. मुलगा शेती करणारा असेल तर बहुधा करार पुढे चालतो. पण शेत विकलं गेलं, आणि घेणाऱ्याला तिथे सुट्टीचं घर आणि खिडकीतून मोकळा समुद्र हवा असेल, तर कामाच्या तासांचे थोडे युरो त्याला काय मोलाचे? अशा वेळी पुन्हा दारं ठोठवायची, शेजाऱ्याला विचारायचं. जमलं तर वाट दोन शेतं पलीकडून जाते, खांब उपटून तिकडे लावले जातात, फलकावरचा नकाशा बदलतो आणि लूप थोडा लांबतो. इंटरनेटवर कोणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी चढवलेली जीपीएसची रेघ मात्र जुन्या शेतातूनच जात राहते. जाणार असाल तर फोन खिशात ठेवा आणि खांबावरचा बाण बघा. रेघ आणि बाण वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील तर बाणाचं ऐका, आणि फाटक जसं मिळालं तसंच, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद, ठेवून पुढे जा.